कयाधूकाठच्या पूरबाई

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात, म्हणजे आमच्याकडं, त्या हजर झाल्या तेव्हा त्यांच्या हातात निळ्या ऑइलपेंटचा डबा होता. बदलीवर आलेली माणसं पेढे आणतात, निदान ऑर्डरची प्रत तरी आणतात. यांनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर डबा ठेवला, डब्यावर ब्रश आडवा ठेवला आणि मला विचारलं, "भाऊ, मागल्या पुराचं पाणी ह्या इमारतीला कुठवर आलं होतं?"

"इथं नाही आलं, मॅडम. आपण उंचावर आहोत."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

'म्हणूनच' काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते कळायला बरेच पावसाळे जावे लागले.

आमचं काम तसं सरळ होतं. हवामान खात्याचा अंदाज यायचा, तो आम्ही तालुक्यांना कळवायचा, तालुक्यांनी गावांना. यलो अलर्ट आला यलो पाठवला, त्याहून गंभीर ऑरेंज आला ऑरेंज पाठवला. पाठवल्याची नोंद झाली की आमचं काम झालं. मॅडम मात्र पाठवलेल्या संदेशाला काम मानतच नसत. "पोचलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पोचलं म्हटलं की, "समजलं का?" आणि समजलं असेल म्हटलं की, "मग उठलं का कोणी?"

त्या मूळच्या शिरड शहापूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शिकून इंजिनिअर झालेल्या, पाण्याच्या खात्यात हयात गेलेली. कागदावर त्यांची मराठी इस्त्रीची असायची, पण तोंड उघडलं की गाव बाहेर यायचं. बैठकीतसुद्धा साहेबाला सरळ विचारायच्या, "काहून?" पायात पावसाळाभर पुरुषांचे प्लॅस्टिकचे काळे बूट, साडीच्या निऱ्यांवर निळे ठिपके. छत्री त्यांनी कधी वापरली नाही. छत्रीखाली पाऊस कसा पडतोय ते कळत नाही म्हणायच्या. भिजलेल्या साडीनं पंख्याखाली उभ्या राहून शेंगदाणे खात असलेल्या मॅडम, हे आमच्या कक्षातलं आषाढ-श्रावणातलं नेहमीचं दृश्य होतं.

त्या यायच्या आधीच्याच पावसाळ्यात कयाधूला मोठा पूर येऊन गेला होता. आखाडा बाळापूरच्या अलीकडं नदीच्या वळणात एक गाव आहे. तिथं एक मेंढपाळ म्हातारा त्याच्या मेंढ्यांसकट वाहून गेला होता. मेंढ्यांचा तळ त्यानं पात्राच्या कडेच्या गवतावर बसवला होता. आमच्याकडून संदेश गेला होता, वेळेत गेला होता. सगळी कागदपत्रं बरोबर होती, आणि तरी माणूस गेला होता.

आल्या आठवड्यातच मॅडम मला घेऊन त्या गावी निघाल्या. मला वाटलं नुकसान बघायचंय. त्यांनी नुकसान बघितलंच नाही. त्या दारोदार फिरून एवढंच विचारत राहिल्या, "पाणी येणार म्हणून तुमाला कवा कळलं? कोणी सांगितलं? सांगितल्यावर तुमी काय केलं?"

उत्तरं ऐकून मी गार झालो. निम्म्या गावाला संदेश मिळाला होता. मिळाल्यावर लोक नदीवर पाणी बघायला गेले होते. काही जणांनी लेकरांनाही दाखवायला नेलं होतं.

शेवटी आम्ही म्हाताऱ्याच्या घरी गेलो. धुरपतामावशी, त्याची बायको, दारात लोकर निवडत बसल्या होत्या. संदेश वाचून झाल्यावर म्हाताऱ्याचा फोन पोराजवळ राहिला होता, म्हणून फोन तेवढा वाचला होता. मॅडमनी त्यातला आमचा संदेश उघडला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्कता बाळगावी.'

मावशींनी लोकरीतला हात थांबवला. "सतर्कता म्हंजी काय वं बाई?"

मॅडमनी फोन खाली ठेवला.

"न्हाई, बाळगावी म्हणते म्हणून इचारलं. आमी मेंढरं बाळगून राहिलो, लेकरं बाळगली. ही कुठं ठेवायची असती?"

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नवरा ज्या वाक्यानं वाचू शकला नाही त्या वाक्याचा अर्थ त्या विचारत होत्या. मॅडम खाली मातीत बसल्या, बूट तसेच, आणि म्हणाल्या, "मावशी, त्याचा अर्थ असा होता की मेंढरं घेऊन वरच्या माळावर जा. आत्ताच जा."

"मग तसं काहून न्हाई लिवलं?"

 परतीच्या वाटेवर केळीच्या बागा मागं पडल्या तेव्हा मॅडम जीपमध्ये एकदम म्हणाल्या, "भाऊ, उद्यापासून प्रत्येक संदेश आधी धुरपतामावशीला वाचून दाखवायचा."

मला वाटलं, माणूस हळहळला की बोलतो तसं बोलल्या. पण पहिल्याच मोठ्या पावसाला त्यांनी खरोखर फोन लावला. "मावशी, ऐका. 'नदीलगतच्या सखल भागात पाणी शिरण्याची शक्यता आहे.' काय कळलं?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून आवाज आला, "कळलं की. पण मग म्या काय करू?"

मॅडमनी वाक्य खोडलं. दुसरं लिहिलं, वाचलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी संदेश असा झाला, 'नदीतलं पाणी आज सांजच्याला मारुतीच्या पायरीपर्यंत येईल. दिवस मावळायच्या आत जनावरं आणि म्हातारी माणसं शाळेत न्या. ओढ्यावरच्या फरशीवरून जाऊ नका.'

"आता बराबर," मावशी म्हणाल्या.

'मग म्या काय करू' हा आमच्या कक्षातला परवलीचा शब्द झाला. कोणी लांबलचक अहवाल वाचायला लागला की मागून कोणी तरी हळूच म्हणायचं, "मग म्या काय करू?" साहेबलोक हसायचे, कधी चिडायचे. एकदा एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, सरकारी भाषेला काही दर्जा नको का?" मॅडम म्हणाल्या, "पाहिजे ना. माणूस जिता राहिला की दर्जाच दर्जा."

मावशींनाही त्या फोनचं अप्रूप वाटायला लागलं. आधी त्यांना वाटायचं, बाई आपल्याला बरं वाटावं म्हणून फोन करतात. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण नाही म्हटलं की तिकडं खरंच बदलतं. त्यानंतर त्या फोन आला की हातातली भाकरी तव्यावरून उतरवून मगच ऐकायच्या.

निळ्या रंगाचं कोडंही हळूहळू उलगडलं. मॅडम पूर येऊन गेलेल्या प्रत्येक गावात जायच्या, लोकांना विचारून पाण्याची पातळी पक्की करायच्या आणि भिंतीवर आडवी निळी रेघ ओढायच्या. चावडीवर, रेशन दुकानावर, देवळाच्या ओट्यावर, विजेच्या खांबावर. मारुतीच्या देवळाला रंग लावताना पुजाऱ्याला विचारलं. एका नव्या बंगल्याच्या मालकाला मात्र विचारायचं राहिलं. तो तावातावानं बाहेर आला.

"ओ बाई, काय करून राहिल्या? आत्ताच डिस्टेंपर दिलाय म्या!"

"तुमच्या डिस्टेंपरवर पाणी आलं होतं का न्हाई?"

"आलं होतं. म्हणून तर नवा दिला!"

"मग पुसून टाकलं तुमी. म्या परत लिवून राहिले."

भांडण बरंच चाललं. शेवटी मालकाच्या आईनं आतून ओरडून सांगितलं, "अरे, राहू दे रेघ. मागल्या टायमाला म्या त्या उंचीला खिडकीच्या गजाला लोंबकळले होते, ते इसरला व्हय?" रेघ राहिली. त्या दिवसापासून गावागावांत त्यांचं नाव पूरबाई पडलं. पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये सांगून कोणाला काही कळत नव्हतं. 'निळ्या रेघेच्या हातभर वर' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. उंचावर बसलेल्या आम्हाला पाणी कधी कळलंच नव्हतं, हेच ते पहिल्या दिवशीचं 'म्हणूनच'.

त्यांचं आणखी एक वेड होतं ते नदीच्या वरच्या अंगाला. कयाधू आमच्याकडं येते ती वरच्या जिल्ह्यातून. अंदाज जिल्हावार निघतात. वरच्या जिल्ह्यात ऑरेंज असेल आणि आमच्याकडं यलो, तर आमचे लोक निर्धास्त असायचे. मॅडमना हे सहन व्हायचं नाही. "पाऊस तिथं पडतो आन् पाणी इथं येतं," त्या म्हणायच्या. "तिथला इशारा हा आपलाच इशारा, फक्त थोडा उशिराचा." म्हणून त्यांनी वरच्या अंगाला माणसं जोडून ठेवली होती. त्यातले सगळ्यांत भरवशाचे रशीदभाई. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडच्या पुलाजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. पुलाखाली एक मोठा काळा दगड होता, पाणी वाढलं की तो बुडायचा. पावसाळ्यात रोज सकाळी मॅडमचा फोन जायचा, "रशीदभाई, पत्थर?" आणि उत्तर यायचं, "दिखरा मॅडम, आधा दिखरा." बहुतेक तेवढंच बोलणं. कधी त्यांच्या मुलीचं बाळंतपण, कधी मॅडमच्या गुडघ्याचं दुखणं, पण सुरुवात दगडापासून.

या सगळ्यावर मी मनातून खूश होतो, पण मॅडम चुकल्या तर काय, ही धास्तीही मला होती. आणि त्या चुकल्या.

वळणातल्या त्याच गावाला त्यांनी एकदा दुपारी हलवलं. वर ढग भयंकर दाटले होते, रशीदभाईंकडेही धो धो सुरू झालं होतं. गाव शाळेत गेलं. एका घरी साखरपुडा होता, तो अर्ध्यावर मोडून वऱ्हाडी शाळेच्या वर्गात बसले. रात्रभर लोक वाट बघत राहिले. नदी घोट्याएवढी वाढली आणि उतरली. खरा पाऊस डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडला होता, ते पाणी दुसऱ्या नदीला गेलं.

सकाळी आमच्या कक्षात फोनवर फोन. मी म्हटलं, "मॅडम, आठवडाभर तिकडं जायला नको. लोक तापलेत."

"तापलेत म्हणूनच जायचं," त्या म्हणाल्या. "निवल्यावर गेलं तर काय उपयोग?"

आम्ही गेलो. मॅडम मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि कोतवालाला म्हणाल्या, "ज्याला ज्याला मला बोलायचं असंल त्याला बोलव." गाव जमलं. साखरपुड्याच्या घरचा म्हातारा सगळ्यांत पुढं होता. जे तोंडाला येईल ते तो बोलला. पोरीच्या सासरच्यांसमोर अब्रू गेली, जिलब्यांचा चिखल झाला, पुन्हा या गावात पाऊल ठेवू नका.  म्हाताऱ्याचा दम संपला तेव्हा मॅडमनी ओट्यावरची ओली माती हातात घेतली, तिचा उंचवटा केला आणि दाखवलं, ढग कुठं होते, पाऊस इकडं पडायच्या ऐवजी तिकडं कसा पडला.

"पाणी येईलच असं छातीठोक कोणालाच सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला बी न्हाई येत. तुमाला तकलीफ झाली, कबूल. पण मला धोका दिसला आन् म्या तुमाला सांगितलं न्हाई, असं कवाच व्हणार न्हाई. पुढल्या टायमाला बी सांगीन. खोटं निघालं तर पुन्हा येऊन इथंच बसीन. तवा बी बोला."

 मग तोच म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, "चुकल्यावर आजवर कोणी आलं नव्हतं गावात." आणि घराकडं वळून त्यानं चहा टाकायला सांगितला.  मॅडम आतून घाबरल्या होत्या. घाबरूनही त्या तिथं बसून राहिल्या होत्या. अशा माणसाबरोबर आपण काम करतो याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

आणि मग तो दिवस आला, ज्याच्यासाठी लोक अजून त्यांचं नाव घेतात.

भाद्रपदातली स्वच्छ सकाळ होती. कडक ऊन पडलं होतं. आमच्या जिल्ह्याला साधा यलो होता. लोकांनी उडीद वाळत घातले होते, बाया धुणी घेऊन नदीवर निघाल्या होत्या. मॅडमनी नेहमीसारखा फोन लावला. रशीदभाईंचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला.

"मॅडम, पत्थर गया. पत्थर क्या, पुल का कठडा नै दिखरा. मैं दुकान छोड के ऊपर आया."

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी वरच्या गावांना आणखी फोन लावले. पहाटे तिकडं ढग फुटल्यासारखा पाऊस झाला होता. पाणी निघालं होतं. आमच्याकडं आभाळात एक ढग नव्हता.

त्यांनी वरिष्ठांना कळवलं. पलीकडून साहेब म्हणाले, "बाहेर ऊन पडलंय, मॅडम. गावं हलवली आणि पाणी आलं नाही तर लोक हसतील. आपला तर यलोच आहे."

"साहेब, यलो जिल्ह्याला आहे. पाणी नदीला आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि हसू देत. मला सवय आहे."

 साहेब म्हणाले, "करा. मी पाठीशी आहे." तेही सांगायला हवं, कारण अशा वेळी 'करा' म्हणणाराही लागतो.

संदेश निघाला. या वेळी मावशींना वाचून दाखवायला उसंत नव्हती, पण मॅडमना आता त्याची गरजही उरली नव्हती. 'वर पाणी पडलंय. ऊन बघू नका. दुपारच्या जेवणाच्या वेळी निळ्या रेघेच्या वर येतंय. आत्ता उठा.' देवळाच्या भोंग्यावरून, मशिदीच्या भोंग्यावरून, दूध गोळा करणाऱ्या गाडीवरून तेच शब्द गावोगाव गेले. आम्ही जीप घेऊन सरळ वळणातल्या गावाकडं निघालो, कारण मेंढ्यांचे तळ अजून पात्रालगतच होते.

पोचलो तर गाव निघालेलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. लख्ख उन्हात, कोरड्या रस्त्यावरून, डोक्यावर गाठोडी आणि कडेवर लेकरं घेऊन माणसं शाळेच्या चढावर निघाली होती, आणि कोणी हसत नव्हतं. साखरपुड्याच्या घरचा म्हातारा खाटेवरच्या आजारी बायकोला चौघांच्या खांद्यावर घेऊन पुढं चालला होता.

अडलं होतं ते तळावर. धुरपतामावशींचा थोरला पोरगा आणि दुसरे दोन मेंढपाळ वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, सोडून निघायला तयार नव्हते. मेंढ्या नुकत्याच चरायला पसरल्या होत्या.

"आई, घोटाभर नदी हाय! कुठून येऊन राहिलं पाणी?" पोरगा म्हणत होता.

मावशी काठी घेऊन त्याच्यासमोर उभ्या होत्या. "तुझा बा बी असंच म्हणला होता. मी ऐकलं त्याचं. तुझं ऐकत न्हाई."

पोरगा हलला. बाकीचे दोघेही हलले. मॅडम त्या प्लॅस्टिकच्या बुटांनी वाळूत धावत मेंढ्या वळवायला लागल्या. त्यांना मेंढ्या वळवता येत नव्हत्या. त्या हात पसरून 'ए! ए!' ओरडत होत्या आणि मेंढ्या भलतीकडंच पळत होत्या. एका मेंढपाळानं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं, "बाई, तुमी निसतं उभ्या राहा!" मग शिट्ट्या झाल्या, कुत्री धावली आणि कळप चढाला लागला. मागं राहिलेलं एक कोकरू मॅडमनी उराशी धरलं होतं.

आम्ही माळावर पोचलो आणि आवाज आला. आधी दळण चालल्यासारखी घरघर, मग तपकिरी पाण्याची भिंत वळणावर दिसली. धुण्याचे दगड गेले, तळाची जागा गेली, मारुतीची पायरी गेली. बघता बघता निळी रेघ पाण्याखाली गेली. पाणी ढगांच्या कुठल्याही गर्जनेशिवाय घराघरात शिरत होतं आणि वर आभाळ निळंशार होतं. शाळेच्या आवारात सगळं गाव ते बघत उभं होतं. बायका एकमेकींचे हात धरून होत्या. कोतवाल वर्गावर्गांतून फिरून माणसं मोजत होता. तो बाहेर आला आणि मॅडमसमोर येऊन म्हणाला, "बाई, सगळे हायत."

मॅडमनी पुन्हा विचारलं, "सगळे?"

"सगळे. मेंढरं बी."

घरं गेली, उडीद गेले, कोंबड्या गेल्या. पुढचे कित्येक महिने गाव चिखल उपसत होतं. हे सगळं खरं आहे. पण काठावरच्या त्या सगळ्या गावांत कुठल्याही घरी त्या दिवशी रडणं नव्हतं.

नंतर फोनवर फोन आले. मॅडमनी इतर गावांची खबर घेतली, खालच्या अंगाच्या लोकांना सावध केलं, कारण आमच्याकडून पाणी आता त्यांच्याकडं चाललं होतं. शेवटचा फोन ठेवला आणि त्या शाळेच्या व्हरांड्यात तांदळाच्या पोत्यांना टेकून बसल्या. बसल्या त्या बसल्याच झोपल्या. मान एका बाजूला कललेली, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली.

थोड्या वेळानं चढावरून गाड्यांचा ताफा आला. सकाळी फोनवर 'करा' म्हणालेले मोठे साहेब स्वतः आले होते. सोबत कॅमेरे, माणसं. साहेब भराभर पायऱ्या चढून वर आले आणि मोठ्यानं विचारलं, "मॅडम कुठं आहेत?"

मी पुढं व्हायच्या आत धुरपतामावशी त्यांच्या आडव्या आल्या. काठी हातात होतीच. ओठांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हळू. पूरबाई झोपल्यात."

साहेबांनी पोत्यांकडं पाहिलं. मग कॅमेरेवाल्यांना हातानं थांबवलं, पायातले चिखलाचे बूट काढले आणि पहिलीच्या लेकरांसाठी केलेल्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. व्हरांड्यातलं सगळं गाव कुजबुजत बोलू लागलं. लेकरांना गप्प केलं, फोन बंद केले.

मेंढ्यांना मात्र कोणाला गप्प करता आलं नाही.